सिस्टर, जरा इकडे येता का?

मागच्या पावसाळ्यात बाबांना चार दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डेंग्यू, प्लेटलेट्स खाली गेलेल्या. आता ठणठणीत आहेत, काळजी नसावी. पण त्या चार रात्री मी जनरल वॉर्डात त्यांच्या कॉटशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत काढल्या. मांडीवर लॅपटॉप, एक डोळा प्रॉडक्शन सपोर्टवर आणि दुसरा सलाईनच्या बाटलीवर. आणि रात्रभर वॉर्डात एकच हाक. "सिस्टर, सलाईन संपलं हो." "ओ सिस्टर, जरा इकडे येता का?"

तिसऱ्या रात्री मी त्या सिस्टरांवर वैतागलो. अर्थात मनातल्या मनात, समोर बोलायची हिंमत कुठली! झालं असं, की राउंडला आल्या की आमचं काम त्या दोन मिनिटांत उरकायच्या. ताप, बीपी, कागदावर नोंद, चला पुढे. कोपऱ्यातल्या एका आजोबांकडे मात्र सगळ्यात शेवटी जायच्या आणि पंधरा-वीस मिनिटं तिथेच रेंगाळायच्या. उशी सारखी कर, पाणी पाज, काहीतरी बोलत बस. मला वाटलं, ओळखीतले असणार. वशिला काय, सगळीकडेच चालतो.

असो. डिस्चार्ज मिळाला, घरी आलो, आणि डोक्यात भलताच किडा वळवळायला लागला. नर्सला आपण सिस्टर का म्हणतो? ताई नाही, मॅडम नाही, थेट सिस्टर. ज्यांना इंग्रजीचा दुसरा शब्द येत नाही त्या आज्यासुद्धा सिस्टरच म्हणतात. हा शब्द आला कुठून? दोन वीकांत यात गेले. सोसायटीची मीटिंग बुडाली, बायकोची बोलणी खाल्ली, पण जे सापडलं ते इथे लिहिल्याशिवाय राहवेना.

एका ओळीचं उत्तर नाही, हे आधीच सांगतो. एक धागा लंडनचा आहे. तिथलं सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटल मुळात धर्मसंस्थेचं. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाने मठ बंद केले, पण वॉर्ड सांभाळणाऱ्या बाईला सिस्टर म्हणायची सवय काही गेली नाही. दुसरा धागा पॅरिसचा. मी या दुसऱ्यात अडकलो, कारण त्यात एक असा वर्कअराउंड आहे की आपल्या धंद्यातल्या कोणालाही आवडावा.

आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की टाय, पिनाफोर आणि ॲडमिशनची रांग आठवते. पण १६०० सालच्या युरोपात कॉन्व्हेंट म्हणजे भिंत. एकदा बाई नन झाली की ती त्या भिंतीच्या आत, मरेपर्यंत. भेटायला आलेल्या आईशीही बोलायचं ते लोखंडी जाळीआडून. प्रथा जुनी होती, पण १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ती सक्तीची केली आणि १५६६ मध्ये पोप पायस पाचवा यांनी पळवाटा बुजवल्या. व्रतं घेतलेली बाई आहे ना? मग दार बंद. रस्त्यावर फिरून आजाऱ्यांची सेवा करणारी नन ही त्या व्यवस्थेत सिंटॅक्स एररच होती.

कोणी प्रयत्न केले नाहीत असं नाही. १६१० मध्ये फ्रान्सिस द साल नावाच्या बिशपांनी आणि जान द शांताल या विधवा बाईंनी आनसी गावात एक संघ काढला, त्यातल्या बहिणी आजाऱ्यांच्या घरी जात. लियोंच्या आर्चबिशपांनी हरकत घेतली आणि १६१८ पर्यंत त्या सगळ्या भिंतीआड गेल्या. मेरी वॉर्ड नावाच्या इंग्रज बाईंचं तर आणखी वाईट झालं. त्यांना मुलींसाठी शाळा काढायच्या होत्या, आणि जेझुइट पुरुषांना जी मोकळीक होती ती हवी होती, भिंत नको. त्यांनी हे उघड मागितलं. १६३१ मध्ये पोपने त्यांची संस्थाच मोडीत काढली आणि म्युनिकच्या एका मठात त्यांना कोंडलं. तिथून त्या लिंबाच्या रसाने अदृश्य अक्षरात पत्रं लिहायच्या, कागद विस्तवाजवळ धरला की वाचता येणारी! (त्यांच्याच परंपरेतला लोरेटो संघ पुढे कलकत्त्याला आला. मदर तेरेसा त्यातल्याच. १९४८ मध्ये झोपडपट्टीत काम करण्यासाठी कॉन्व्हेंटबाहेर पडायला त्यांनाही रोमची परवानगी लागली होती. भिंत बरीच टिकाऊ निघाली.)

आता शातिलों. फ्रान्सच्या पूर्व भागातलं छोटंसं गाव. १६१७ मध्ये तिथे व्हिन्सेंट द पॉल नावाचे शेतकऱ्याघरचे एक धर्मगुरू चर्च सांभाळत होते. एका रविवारी मिस्साच्या आधी त्यांना कळलं की गावाबाहेर एका घरात सगळेच आजारी पडलेत, पाणी द्यायलाही कोणी उठू शकत नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं. दुपारी स्वतः जायला निघाले तर रस्त्यात बायकांची ही रांग, कोणी जाताहेत, कोणी परत येताहेत, सगळ्यांच्या हातात खाण्याचे डबे. दुसरा कोणी असता तर गहिवरून गेला असता. व्हिन्सेंटना प्रश्न पडला, आज एवढं आलंय ते नासून जाणार, आणि उद्या? परवा? थोडक्यात, लोड बॅलन्सिंगचा पत्ता नाही.

मग त्यांनी गावातल्या बायकांची एक मंडळी स्थापन केली आणि नियम लिहून काढले. ते नियम मी वाचले. आळीपाळीने एकेकीने स्वयंपाक करायचा. आजाऱ्याकडे गेल्यावर हसतमुखाने विचारपूस करायची, त्याच्यापुढे कापड अंथरून वाटी-चमचा मांडायचा, हात धुवायचे, मग जेवायला घालायचं. आणि पुढे एक नियम असा, की ज्यांच्याजवळ घरचं माणूस आहे त्यांच्यापासून सुरुवात करायची आणि ज्यांचं कोणी नाही त्यांच्याकडे शेवटी जायचं. म्हणजे तिथे जास्त वेळ बसता येतं.

मी लॅपटॉप मिटला. चार दिवसांत त्या आजोबांना भेटायला कोणीही आलं नव्हतं. ते मला तेव्हाही दिसत होतं, मी फक्त त्याचा हिशोब चुकीचा लावला. आमच्या सिस्टरांनी हे सतराव्या शतकातले नियम वाचले असतील असं मुळीच नाही. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला ते आपोआप सुचत असावं.

खेड्यात ठीक चाललेली ही योजना पॅरिसला नेली आणि तिथे तिचं पानिपत झालं. पॅरिसच्या बायका मोठ्या घरच्या. देणग्या द्यायच्या, मीटिंगा व्हायच्या, पण सुपाचं जड भांडं घेऊन गल्लीबोळातले पाच जिने चढायचे म्हटल्यावर त्या आपल्या मोलकरणीला पाठवायच्या. आउटसोर्सिंग हो, दुसरं काय! काहींच्या नवऱ्यांना रोगराईची भीती. मोलकरणींना त्यात रस असायचं कारण नव्हतं. काम रखडलं.

मग आली मार्गरित नासो. या बाईवर कोणी सिनेमा का काढला नाही हे मला कळत नाही. जन्म १५९४, पॅरिसजवळच्या सुरेन गावात गाई राखणारी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. एक दिवस तिने अक्षरओळखीचं पुस्तक विकत घेतलं. गावच्या धर्मगुरूंना गाठून चार अक्षरं विचारायची, ती पाठ झाली की पुढची चार. गाई चरताना रस्त्याने कोणी जरा शिकलेला दिसला की हा शब्द कसा वाचायचा ते त्याला विचारायचं. असं करत वाचायला शिकली, आणि मग गावोगाव जाऊन दुसऱ्या मुलींना शिकवू लागली. व्हिन्सेंटना भेटली तेव्हा तिला कळलं की पॅरिसमध्ये आजाऱ्यांसाठी माणसं हवीत. ती म्हणाली, मी येते. तिचं पाहून आणखी काही खेडवळ मुली आल्या. १६३३ च्या सुरुवातीला प्लेगची लागण झालेली एक मुलगी आली, तिला झोपायला जागा नव्हती, मार्गरितने तिला आपल्या बिछान्यात घेतलं. तेवढ्यानेच मार्गरित गेली. संघ रीतसर सुरूही झाला नव्हता तेव्हा.

तो सुरू झाला २९ नोव्हेंबर १६३३ ला, आणि व्हिन्सेंटच्या नव्हे, लुईज द मारियाक यांच्या घरात. लुईज म्हणजे मोठ्या घराण्यातली, पण विवाहबाह्य संबंधातून जन्मलेली मुलगी. आई कोण ते कधी कळलंच नाही. तरुणपणी नन व्हायचं होतं, तब्येत नाजूक म्हणून मठाने घेतलं नाही. मग राणीच्या एका सचिवाशी लग्न, एक मुलगा, नवऱ्याचं लांबलेलं आजारपण, १६२५ मध्ये वैधव्य. एक काका राजकारणात हरून तुरुंगात मेला, दुसऱ्याचं १६३२ मध्ये मुंडकं उडवलं. अशा बाईने पुढच्याच वर्षी तीन-चार शेतकरी मुलींना स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. त्यांच्याबरोबर राहणं, जेवणं, त्यांना वाचायला, पट्ट्या बांधायला, काढे करायला शिकवणं. त्या काळच्या फ्रान्समध्ये एका उच्चकुलीन बाईने हे करणं किती विचित्र होतं, ते आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

आता तो वर्कअराउंड. व्हिन्सेंट पॅरिसमधल्या एका भिंतीआडच्या संघाचे प्रमुख होते, फ्रान्सिस द साल यांच्याच. तिथे काय घडलं हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. नन म्हटलं की भिंत आलीच, हे त्यांचं गणित पक्कं. मेरी वॉर्ड यांनी नियम बदलून मागितला आणि त्या चिरडल्या गेल्या. या दोघांनी नियमाला हात लावलाच नाही. त्यांनी फक्त काळजी घेतली की आपण त्या नियमाच्या व्याख्येतच बसता कामा नये.

म्हणजे कसं? नाव ठेवलं 'फीय द ला शारिते', इंग्रजीत डॉटर्स ऑफ चॅरिटी, दयेच्या लेकी. संस्था म्हणजे मठ नाही, गावात असते तशी एक साधी मंडळी. राहायचं ते घर, त्याला कॉन्व्हेंट म्हणायचं नाही. प्रार्थनेला खासगी चॅपल नाही, गल्लीतल्या चर्चमध्ये सगळ्यांबरोबर बसायचं. ननचा बुरखा नाही, गावाकडच्या बायका घालतात तोच करडा झगा आणि डोक्याला पांढरं फडकं. घराच्या प्रमुखीला मदर सुपीरियर म्हणायचं नाही, तिचं पदनाम 'सेवक बहीण'. व्हिन्सेंट त्यांना बजावून सांगत की आजाऱ्यांची घरं हाच तुमचा मठ आणि शहराचे रस्ते हेच तुमचं आवार. कोणी बिशपने विचारलं तर सांगा, आम्ही नन नाही.

आणि व्रतं? पहिली व्रतं लुईज आणि चौघींनी २५ मार्च १६४२ ला घेतली. पुढे पद्धत पडली ती एका वर्षाच्या व्रतांची. गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन आणि गरिबांची सेवा, मुदत एक वर्ष. वर्ष संपलं की बाई मोकळी. राहायचं असेल तर पुन्हा स्वतःहून व्रत घ्यायचं. कागदोपत्री हीसुद्धा पळवाटच होती, कारण जन्मभराची जाहीर व्रतं घेतली की ती नन ठरली.

याची किंमतही होती, ती लपवण्यात अर्थ नाही. नन असण्यात मान होता, वजन होतं. या मुली रस्त्यावर मोलकरणीच दिसायच्या, आणि लोक त्यांना तसंच वागवायचे. हॉस्पिटलवाल्यांना तर त्यांच्यात स्वस्तातलं मनुष्यबळच दिसत असणार. १६४० मध्ये आँजे शहरातलं हॉस्पिटल त्यांनी हातात घेतलं तेव्हा लुईज स्वतः आजारी असतानाही तिथे गेल्या आणि व्यवस्थापनाशी लेखी करार केला. रुग्णांच्या बाबतीत तुमचं ऐकू, पण बहिणींच्या बाबतीत निर्णय आमचा. स्कोप डॉक्युमेंट सही करून घेतल्याशिवाय काम नाही. ही अक्कल मला पहिल्या प्रोजेक्टात असती तर...

त्यांचं रोजचं जगणं कसं होतं? दोघी किंवा तिघी मिळून एका घरात. पहाटे चारला उठायचं, प्रार्थना, मग भांडी घेऊन बाहेर. पैसा सगळ्यांचा एक. पण प्रार्थना चालू असताना कोणी आजाऱ्याचा निरोप घेऊन आला तर प्रार्थना तिथेच सोडून जायचं. ते देवाला सोडून देवाकडेच जाणं आहे, असं व्हिन्सेंट म्हणायचे. दोघींचं पटत नसेल तर काय, यावर लुईज यांच्या शेकडो पत्रांमधली बरीच शाई खर्ची पडली आहे. हॉस्टेलवर किंवा बॅचलर फ्लॅटवर राहिलेल्यांना ती पत्रं लगेच कळतील. कोण कामं टाळते, कोणाला राग लवकर येतो, कोणी कोणाची माफी मागायची. संत वगैरे पुढची गोष्ट, आधी एका खोलीत तिघींना एकमेकींना सहन करायचं होतं. व्हिन्सेंट त्यांना जमवून भाषण देत नसत. एकेकीला उभं करून विचारत, तुला काय वाटतं? ज्यांना आयुष्यात कोणी मत विचारलं नव्हतं त्या मुली बोलायच्या, आणि बाकीच्या ते टिपून घ्यायच्या. म्हणून ते आज वाचायला मिळतं.

त्या टिपणांमधली बार्ब आँजिबूस्त मला फार आवडली. कार्डिनल रिशल्यू यांच्या भाचीने, म्हणजे देशातल्या सगळ्यात वजनदार माणसाच्या घरच्या बाईने, तिला आपल्या वाड्यावर ठेवून घेतलं. बार्ब तिथल्या बग्ग्या आणि थाट बघून रडायलाच लागली. म्हणाली, मी गरिबांसाठी आले होते, मला परत पाठवा. पुढे तीच बार्ब जहाजावर वल्ही मारायची शिक्षा झालेल्या कैद्यांची सेवा करत होती. कैदी साखळदंडात, चिडलेले. दिलेलं जेवण जमिनीवर फेकायचे, शिव्या द्यायचे. ती मुकाट्याने उचलायची, साफ करायची आणि पुन्हा द्यायची. पहारेकरी मारायला धावले की मध्ये पडायची. हे तिने स्वतः सांगितलेलं नाही. तिच्या मृत्यूनंतर १६५९ मध्ये बरोबरच्या बहिणींनी आठवून आठवून सांगितलं.

आणि एक आंद्रे नावाची बहीण. मरताना व्हिन्सेंटनी विचारलं, कशाची खंत वाटते का? ती म्हणाली, गरिबांची सेवा करण्यात मला फार आनंद व्हायचा, तेवढंच टोचतं. हे वाचून मी जरा वेळ नुसता बसून राहिलो. माझ्या एक्झिट इंटरव्ह्यूत मी काय काय बोललो होतो ते आठवलं. (ह. घ्या.)

धर्म बाजूला काढून ही गोष्ट सांगता येणार नाही, हेही खरं. आजाऱ्याला सूप द्यायचं तसंच त्याला देवाच्या वाटेला लावणं हेही त्यांच्या दृष्टीने कामच होतं. ते पटो न पटो. पण रस्त्यावर टाकून दिलेली बाळं १६३८ पासून त्यांनी सांभाळायला घेतली, तेव्हा पॅरिसमध्ये वर्षातले दिवस जितके साधारण तितकी बाळं टाकली जायची आणि त्यातली फार थोडी जगायची. लुईज यांनी खेड्यापाड्यांत दाया शोधल्या आणि बाळांवर लक्ष ठेवायची व्यवस्था लावली. पैसे संपत आले तरी बंद केलं नाही.

लुईज आणि व्हिन्सेंट यांचं सगळ्या बाबतीत एकमत होतं असं नाही. १६४६ मध्ये आर्चबिशपांची मान्यता मिळाली, पण त्यात बहिणी आर्चबिशपांच्या ताब्यात जात होत्या. व्हिन्सेंटना ते चालण्यासारखं वाटलं. लुईजना नाही. त्यांनी ओळखलं होतं की उद्या एखादा कडक बिशप आला की तो पहिलं काम भिंत बांधायचं करील. त्या वर्षानुवर्षं मागे लागल्या. तेवढ्यात मूळ कागद गहाळ झाले, आणि १६५५ मध्ये नवी मान्यता आली ती लुईज यांना हवी तशी. हे नसतं झालं तर पुढची सगळी गोष्ट आनसीसारखीच संपली असती, असं माझं मत.

दोघंही १६६० मध्येच गेली. लुईज मार्चमध्ये, व्हिन्सेंट सप्टेंबरमध्ये. व्हिन्सेंटना संतपद मिळालं १७३७ मध्ये. लुईजना १९३४ मध्ये. १९७ वर्षांचा फरक. डिझाइन दोघांचं, क्रेडिट एकाला, हे फक्त आपल्याच ऑफिसात होतं असं वाटत असेल तर घ्या.

पुढचं भराभर सांगतो. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९२ मध्ये अशा सगळ्या संस्था बंद केल्या, १७९४ मध्ये आरासच्या चार बहिणींना गिलोटिनवर चढवलं. हॉस्पिटलं ओस पडायला लागल्यावर नेपोलियनच्या सरकारला १८०० मध्ये त्यांना परत बोलवावं लागलं. डोक्याच्या त्या साध्या पांढऱ्या फडक्याला पुढे खळ लागत गेली, आणि त्याची पंख पसरलेल्या बगळ्यासारखी टोपी झाली. कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून घातलेली गोष्ट अख्ख्या युरोपात सगळ्यात लांबून ओळखू येणारी झाली! ती टोपी १९६४ मध्ये उतरली.

आणि सिस्टर? १८५३ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल शिकायला पॅरिसला गेल्या त्या याच बहिणींकडे (आणि तिथे गोवर येऊन आजारी पडल्या). पुढच्या वर्षी क्रिमियाचं युद्ध. फ्रेंच जखमींची सेवा करायला या सिस्टर हजर, इंग्रज सैनिकांना मात्र कोणी नाही, अशा बातम्या लंडनच्या टाइम्समध्ये आल्या आणि आपल्याकडे अशा सिस्टर का नाहीत म्हणून तिथे ओरड झाली. नाइटिंगेल ३८ बायकांना घेऊन निघाल्या, त्यांतल्या १० कॅथलिक सिस्टर होत्या. नर्सिंग हा पुढे रीतसर पेशा झाला. व्रतं मागे राहिली, हाक राहिली. इंग्रजांच्या हॉस्पिटलांबरोबर ती आपल्याकडे आली.

रोमने अशा भिंतीबाहेरच्या संघांना ननचा दर्जा रीतसर दिला १९०० मध्ये. डॉटर्स ऑफ चॅरिटी मात्र त्या रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. १९८३ च्या चर्चच्या कायद्यातही त्यांचा वर्ग वेगळा आहे, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या त्या आजही नन नाहीत. व्रतं अजूनही एकाच वर्षाची. दर वर्षी साधारण २५ मार्चला, जेव्हा आम्ही अप्रेझलचे फॉर्म भरत आणि दुसरीकडे रेझ्युमे पाठवत असतो, त्या पुन्हा एका वर्षासाठी हो म्हणतात.